सेंट्सच्या मालकीणबाई आणि दिवाणजींना खुलं पत्र: उचल अजून किती वर्षं फिरवणार?

जून २०२५
मेटेरी, लुइझियाना

मा. गेल बेन्सन मॅडम, जनरल मॅनेजर मिकी लूमिस साहेब आणि पगाराची वही सांभाळणारे खाय हार्ली साहेब,
न्यू ऑर्लिन्स सेंट्स

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितेय, इंग्रजीतली कॉपी वेगळी पोस्टात टाकतोय. पण मला भांडायला मराठीच लागते, आणि दुसरं म्हणजे ह्युस्टन-डॅलसकडची आमची मंडळी गणपतीत भेटली की दरवर्षी मला एकच विचारतात, काय रे, तुझे ते अमेरिकन फुटबॉलवाले सेंट्स दर फेब्रुवारीला पैसे संपले म्हणतात आणि दर मार्चला कुणाला तरी पाच-दहा कोटी डॉलर देतात, हे गणित काय आहे? तेव्हा त्यांनाही कळू दे आणि तुम्हालाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण उपटसुंभ. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की पेठेत त्या दिवशी दुसरं काम होत नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्स करायला न्यू ऑर्लिन्सला आलो तेव्हा तुमचा खेळ बघून हसलो होतो, बॉल सगळा हातात आणि नाव फुटबॉल. वर्षभरात कतरिना वादळ आलं. मित्राच्या गाडीत पाच जण आणि एक कुकर घेऊन ह्युस्टन गाठलं, परत आलो तेव्हा खोलीत छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. तुमची टीमपण तेव्हा बेघरच होती की, सॅन अँटोनियो नाहीतर बॅटन रूजला होम मॅच खेळायची. मग २५ सप्टेंबर २००६, टीमचं स्टेडियम, सुपरडोम, परत उघडलं, समोर अटलांटा, आणि पहिल्या दीड-दोन मिनिटांत स्टीव्ह ग्लीसननं तो पंट, म्हणजे त्यांची लांब किक, अडवला. नियम मला निम्मे कळत नव्हते, पण शेजारचा आजोबा माझ्या गळ्यात पडून रडला आणि त्या दिवशी मी तुमचा झालो. तेव्हापासून वरच्या टेरेसमधल्या दोन सीटा आहेत, आधी मी आणि बायको जायचो, आता मी आणि मुलगी.

आता मुद्द्यावर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात कशी प्रत्येक टीमला १२० कोटी रुपयांची पर्स होती, तशी इथं सॅलरी कॅप असते. १९९४ ला सुरू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, यंदा २०२५ ला २७ कोटी ९२ लाख आहे. सगळ्या ३२ टीमांना तेवढीच, मालक कितीही श्रीमंत असू दे. मार्चमध्ये नवं वर्ष सुरू होतं तेव्हा वहीत त्या आकड्याच्या खाली असावंच लागतं, इथं दंड भरून सुटका नाही. फरक एवढाच की आयपीएलमध्ये पर्समधनं गेले ते गेले. इथं खरे पैसे एका वर्षी द्यायचे आणि वहीत मात्र पुढच्या वर्षांवर टाकायचे, अशी सोय आहे.

ही सोय मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. माझ्या वडलांचं गुऱ्हाळ होतं. हंगामाच्या आधी गुळव्याला आणि टोळीला उचल द्यायची, रोख, एकदम, आणि मग हंगामभर मजुरीतनं ती फिटत जायची. तुमचा साइनिंग बोनस म्हणजे उचलच ओ. खेळाडूला पैसे आज हातात, वहीत मात्र जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून. रिस्ट्रक्चर म्हणजे काय, तर समजा एखाद्याचा यंदाचा पगार १ कोटी २० लाख आहे, त्यातले २० लाख पगार ठेवायचा, उरलेल्या १ कोटीला बोनस म्हणायचं आणि पाच वर्षांत २०-२० लाख टाकायचे. यंदा वहीत ८० लाख वाचले. खेळाडूचं काहीच जात नाही, उलट त्याला पैसे लवकर मिळतात, त्यामुळं तो लगेच सही करतो. आणि करारात पाच वर्षं उरलेली नसली तर? तर खोटी वर्षं जोडायची, व्हॉइड इयर्स, ज्या वर्षी तो माणूस तुमच्याकडं असणारच नाही हे तुम्हाला, त्याला आणि आमच्या गल्लीतल्या पोस्टमनला पण माहितेय. तो गेला, की न फिटलेली सगळी उचल एकदम वहीत येऊन पडते. तिला म्हणायचं डेड मनी. फारतर १ जूनच्या नियमानं ती दोन वर्षांत विभागता येते.

वडील म्हणायचे, उचल देणं वाईट नाही, पण पळून गेलेल्या गड्याची उचल फेडायला नव्या गड्याकडनं हात उसने घ्यायला लागलास की गुऱ्हाळ बंद करायची वेळ आली समज.

मी काही पहिल्यापासून तुमच्या विरोधात नाही हे लिहून ठेवा. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा, ड्रू ब्रीस होता तोवर तुम्ही जे केलंत ते बरोबरच केलंत. २०१७ ते २०२० चार सीझन, ४९ विजय आणि १५ पराभव, एवढी टीम हातात असताना कोण पै-पै मोजत बसेल? सण होता, ऋण काढलंत, आम्हीपण ताटावर बसून जेवलो. फायनल, म्हणजे सुपर बोल, गाठता आली नाही हा नशिबाचा भाग, मिनेसोटात शेवटच्या प्लेवर गेलं, पुढच्या वर्षी रॅम्सविरुद्ध तो धडधडीत फाऊल दिला नाही आणि मग लीगला एका सीझनपुरता नियम बदलायला लागला. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. ब्रीसनं तर जाता जाता २०२१ च्या फेब्रुवारीत आपला अडीच कोटींचा पगार १० लाख ७५ हजारांवर आणून दिला, का, तर तुमची वही बसावी म्हणून. त्यात कोविडमुळं कॅप १९ कोटी ८२ लाखांवरनं १८ कोटी २५ लाखांवर घसरली, ते कुणाच्याच हातात नव्हतं. तेव्हा तुम्ही जवळजवळ १० कोटी डॉलरनं वर होता आणि तरी मार्चला बरोबर खाली आलात, हार्ली साहेब, त्या कामाला मी आजपण टोपी काढतो.

पण तेव्हाच थांबायचं होतं. ४२ वर्षांचा ब्रीस रिटायर झाला, सण संपला, मांडव उतरला. आणि तुम्ही उसनवारी चालूच ठेवलीत. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्यातनं निघालेलं.

पहिलं घ्या. २०२१ च्या मार्चमध्ये टेसम हिलबरोबर १४ कोटी डॉलरचा चार वर्षांचा करार केलात आणि ती चारच्या चार वर्षं व्हॉइड. माझी आई गावाकडनं फोन करून विचारते, तुमच्या त्या पोराला एवढे पैसे दिले म्हणे? तिला काय सांगू, की आई, ते पैसे नाहीत, तो फक्त कागद आहे, यंदाची वही बसवायला? आणि त्याच महिन्यात थॉमस मॉर्स्टेडला काढलंत. सुपर बोलच्या दुसऱ्या हाफची सुरवातच ज्यानं ऑनसाइड किकनं, म्हणजे बॉल परत आपल्यालाच मिळावा अशा छोट्या किकनं, केली, ज्या किकनं ७ फेब्रुवारी २०१० ला अख्ख्या शहराचा श्वास अडकला, तो माणूस पंचवीस-एक लाख डॉलरसाठी गेला. धंदा आहे, समजतो. पण त्याच्या आसपास किती खोटी वर्षं पडली होती वहीत, ते बघून पोटात तुटतं.

दुसरं, आणि हे जास्त लागतं, तुमची सगळ्यात सोन्यासारखी रास २०१७ च्या ड्राफ्टची, म्हणजे कॉलेजमधली नवी पोरं टीमांनी पाळीपाळीनं निवडायची त्याची. लॅटिमोर, रॅमचिक, मार्कस विल्यम्स, कमारा, हेंड्रिक्सन, एका वर्षात पाच पोरं! त्यातला ट्रे हेंड्रिक्सन २०२० ला साडेतेरा सॅक काढून, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत पाडून, सिनसिनाटीला गेला, सहा कोटींत, आणि गेल्या सीझनला साडेसतरा सॅक काढून लीगमध्ये पहिला आला. विल्यम्स बाल्टिमोरला गेला. का गेले? त्यांना द्यायला वहीत जागा नव्हती. आणि जागा का नव्हती, तर आधीच्यांची उचल फिटत होती. ज्यांना ठेवलंत त्यांचं तरी काय झालं? लॅटिमोरचा करार इतक्यांदा ताणला की गेल्या नोव्हेंबरात त्याला वॉशिंग्टनला दिलंत तेव्हा त्याच्या नावचे तीन कोटींच्या वर डॉलर यंदाच्या वहीत राहिले. खेळणार तिकडं, पोसणार आपण. मायकल थॉमसला २०१९ ला दहा कोटींचा करार, त्या वर्षी पठ्ठ्यानं १४९ कॅच घेऊन रेकॉर्ड केलं, पुढं पायानं साथ सोडली, पुढचं अख्खं एक वर्ष बाहेर, मग तीन मॅच, मग दहा. रॅमचिकचा गुडघा गेला. दुखापत तुमच्या हातात नाही, मान्य, एकशे एक टक्के मान्य. पण रिस्ट्रक्चर करताना तुम्ही प्रत्येक वेळी हाच जुगार खेळता की तिशीतला माणूस पुढची चार वर्षं धडधाकट राहील, आणि तो राहिला नाही की त्याला काढणं ठेवण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून तो राहतो, म्हणून त्याला परत रिस्ट्रक्चर करता, म्हणून तो अजून महाग होतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, नुसतं हेच चाललंय.

तिसरं म्हणजे क्वार्टरबॅक डेरेक कार, आणि खरं तर ह्याच्यामुळंच हे पत्र. २०२३ ला त्याला पंधरा कोटींचा करार दिलात. माणूस वाईट नाही. पहिलं वर्ष ९-८, म्हणजे ९ विजय, ८ पराभव. गेल्या वर्षी पहिल्या दोन मॅचमध्ये कॅरोलायनाला ४७ आणि डॅलसला त्यांच्या घरात ४४ मारले, माझ्या डॅलसच्या साडूला मी दोन दिवस फोन करून छळलं, आणि मग सलग सात मॅच हरलो, कोच डेनिस ॲलन गेले, कार जखमी, सीझन ५-१२. एवढं झाल्यावर तरी हिशोब मिटवाल असं वाटलं. तर या मार्चमध्ये परत त्याचाच करार रिस्ट्रक्चर! परत पगाराचा बोनस, परत पुढच्या वर्षांवर. आणि १० मे ला तो खांद्याच्या दुखण्यानं रिटायर झाला. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं, तीन कोटींच्या आसपासच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडून गेला, नाहीतर आणखी खड्ड्यात गेलो असतो. पण जे आधीच बोनस म्हणून दिलेलं ते आता २०२५ आणि २०२६ दोन्ही वर्षांच्या वहीत बसणार. क्वार्टरबॅक नाही, उचल आहे.

तुम्ही म्हणाल, अरे कॅप दरवर्षी वाढते, आजचा डॉलर पुढं स्वस्त पडतो, मग ढकलण्यात शहाणपणाच आहे. हे मला पटतं की! २०२१ ला सव्वाअठरा, २०२४ ला २५ कोटी ५४ लाख, यंदा जवळपास २८, इतकी वाढ आमच्या गुळाच्या भावात कधी झाली नाही. पण वाढते ती सगळ्यांची वाढते ना. शेजाऱ्याला वाढलेल्या पैशात नवीन माणूस घेता येतो आणि तुमची वाढ जुनी उचल फेडण्यात जाते.

आणि हत्यार वाईट आहे असंही मी म्हणत नाही, कारण ते चालवणारे फिलाडेल्फियात बसलेत. ईगल्सवाले तुमच्याइतकीच खोटी वर्षं वापरतात, त्यांचा जनरल मॅनेजर हॉवी रोझमन तर त्यात तुमचा बापच म्हणावा लागेल, म्हणजे मानानं म्हणतोय. पण ते उचल देतात ती पंचविशीतल्या, स्वतः ड्राफ्ट केलेल्या पोरांना, लवकर, पुढची चार-पाच वर्षं ज्यांच्यात जोर आहे त्यांना. तुम्ही देता ती उतरत्या वयातल्यांना, गेल्या वर्षीचं भोक बुजवायला. एकाच विळ्यानं कुणी ऊस तोडतं, कुणी स्वतःचं बोट.

आता ईगल्सचं नाव निघालंच आहे तर सगळंच काढतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये, ब्रीस जाऊन वर्ष झालेलं, कोच शॉन पेटन नुकतेच सोडून गेलेले, आणि तुम्ही ईगल्सना २०२३ चं पहिल्या राउंडचं पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी, आणि २०२४ चं दुसऱ्या राउंडचं पिक देऊन टाकलंत, का, तर त्या वर्षी पहिल्या राउंडला अजून एक माणूस पाहिजे. म्हणजे नुसते पैसेच नाही, पोरंपण उद्याच्या खात्यातनं उसनी घेतलीत. त्या वर्षी पहिल्या राउंडला घेतलेल्या दोघांतला ओलावे चांगला निघाला, त्याबद्दल वाद नाही. दुसऱ्या पेनिंगचं पहिली दोन वर्षं काही बसलं नाही. आणि तुमचं २०२३ चं ते पिक निघालं दहावं, ईगल्सनी ते एक घर पुढं सरकवून जेलन कार्टरला घेतलं.

मग यंदा ९ फेब्रुवारी. सुपर बोल. कुठं? आपल्या सुपरडोममध्ये. मी तिकीट काढलं नाही, ते परवडणारं नव्हतंच, पॉयड्रास स्ट्रीटवर गर्दीत उभा राहून आलो आणि घरी टीव्हीवर बघितलं. ईगल्स ४०, चीफ्स २२. मैदानात कार्टर, तुमच्या पिकवर घेतलेला. मागं गार्डनर-जॉन्सन, ज्याला २०२२ ला कराराचं जमेना म्हणून तुम्हीच त्यांना दिलात. आणि झॅक बॉन, चार वर्षं आपल्याकडं होता, २०२४ ला ईगल्सनी त्याला एका वर्षासाठी, फारतर ३५ लाखांत उचलला, तो ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, झाला आणि त्या रात्री चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सचा पास मधेच झेलून बसला. माझी मुलगी म्हणाली, बाबा, हे सगळे आपलेच आहेत ना? मी उठून चहा टाकायला गेलो. नंतर मार्चमध्ये ईगल्सनी बॉनला तीन वर्षांचे ५ कोटी १० लाख दिले, आणि तुम्ही चेस यंगला दिलेत, तीन वर्षांचे, बरोबर ५ कोटी १० लाख. यंगबद्दल माझी तक्रार नाही, फक्त आकडा तोच बघून हसू आलं, ते कसलं हसू ते विचारू नका.

आणि एक गोष्ट वहीत येत नाही म्हणून इथं लिहितो. चार सीझन झाले, ९-८, ७-१०, ९-८, ५-१२, एकदाही प्लेऑफ नाही. अगदी तळाला गेलो असतो तर ड्राफ्टला पहिला-दुसरा नंबर तरी मिळाला असता, वर गेलो असतो तर निदान जानेवारीत एक मॅच. आम्ही मधे लोंबकळतोय. दर मार्चला प्रेस कॉन्फरन्समध्ये टीम जिंकायलाच बनवलीय असं ऐकतो, आणि दर नोव्हेंबरात टेरेसमधल्या सीटा रिकाम्या दिसायला लागतात. नवीन कोच केलन मूर आलेत, तेपण ईगल्सकडनंच, दुसऱ्या राउंडला टायलर शक नावाचा क्वार्टरबॅक घेतलाय. त्यांच्या ताटात पहिल्याच दिवशी लॅटिमोरची, रॅमचिकची, कारची उष्टी वाढून ठेवलीत, आणि वर्षभरानं त्यांनाच विचारणार, का रे जिंकला नाहीस?

तर मागण्या. फार नाहीत.

२०२६ च्या मार्चपर्यंत तिशी ओलांडलेल्या एकाही खेळाडूचा करार रिस्ट्रक्चर करू नका, आणि नवीन व्हॉइड वर्ष तर दोन सीझन कुठल्याच करारात घालू नका. त्यापायी दहा माणसं कमी पगाराची घ्यावी लागली तर घ्या. यंदा चार मॅच जास्त हरलो तर मी टेरेसमध्येच असेन, पळून जाणार नाही.

पुढच्या वर्षांची पहिल्या तीन राउंडची पिकं, सगळा डेड मनी वहीतनं उतरेपर्यंत, कुणालाही द्यायची नाहीत. कितीही भारी माणूस मिळत असला तरी नाही.

ओलावेसारखी स्वतःची पोरं आधी. बाहेरच्या कुणाला बोलावण्याआधी त्यांच्याशी बसा, आणि दुखापतीचा अंदाज घेऊन, पण वेळेत बसा. हेंड्रिक्सन परत व्हायला नको.

आणि मॅडम, ही तुमच्याकडं. दर फेब्रुवारीला एका कागदावर आम्हाला हिशोब सांगा, वहीत किती पैसे टीममध्ये नसलेल्या माणसांच्या नावावर आहेत आणि ते कुठल्या वर्षी संपणार. पत्रकार मंडळी हे आकडे शोधून काढतातच, गुपित काही नाही त्यात, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. कतरिनानंतर या शहराला वाईट बातमी सरळ ऐकायची सवय आहे. बांधायला तीन वर्षं लागणार असतील तर तीन वर्षं म्हणा, 'रिबिल्ड' हा शब्द उच्चारला म्हणून सुपरडोमचं छप्पर फाटणार नाही, ते एकदा फाटून झालंय.

लूमिस साहेब, तुम्ही २००२ पासून या खुर्चीत आहात आणि आमचा एकमेव सुपर बोल तुमच्याच काळातला, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुम्हाला जा असं म्हणत नाहीये, वही मिटवा एवढंच म्हणतोय, कारण ती कुठं कुठं कशी वाकवलीय हे तुमच्या आणि हार्ली साहेबांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

७ सप्टेंबरला ॲरिझोनाविरुद्ध पहिली मॅच आहे. मी आणि मुलगी येतोय. तिला ब्रीसची जुनी ९ नंबरची जर्सी आता घट्ट होते, नवीन घ्यायचीय, पण कुणाच्या नावाची घेऊ ते ठरत नाहीये, कारण तो पुढच्या वर्षी असेल की नाही ते तुम्हालाही सांगता येणार नाही. तोवर बिनानावाची काळी घालून येऊ.

आपला,
टेरेसमधला एक कोल्हापूरकर